रोलर कोस्टरला इंजिन नसतं, मग एवढा पळतो कशावर?

खोपोलीला इमॅजिका पार्कात नायट्रो या रोलर कोस्टरच्या लाईनीत उभं राहिलं की पुढेमागे तेच तीन प्रश्न ऐकू येतात, पट्टा निघाला तर, चाक निसटलं तर, आणि उलटे असताना मध्येच बंद पडला तर. पहाटे उठून दादर-ठाण्याहून आलेली कॉलेजची पोरं असोत नाहीतर मुलांच्या हट्टापायी लाईनीत लागलेले बाबा असोत, प्रश्न तेच. गंमत अशी की जे लोक हे कोस्टर डिझाईन करतात आणि रोज सांभाळतात त्यांची झोप या तीन गोष्टींनी उडत नाही, त्यांची भीती वेगळ्याच जागी असते, आणि ती कुठे असते हे कळलं ना की अख्खा कोस्टर कसा चालतो तेच कळतं. म्हणून जरा सावकाश सांगतो, दहावीनंतर फिजिक्सचं तोंड न बघितलेल्यालाही झेपेल असं.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की त्या ट्रेनला इंजिन नसतंच. डब्याखाली मोटर नाही, बॅटरी नाही, काही नाही, नुसते डबे आणि चाकं. मोटर असते ती खाली जमिनीवर, ती चेन फिरवते, चेन ट्रेनला खालून पकडून वर ओढत नेते आणि टोकावर पोचलं की सोडून देते. बस, काम संपलं. त्यापुढचा उतार, लूप, वळणं, उड्या सगळं त्या एका चढाच्या जोरावर चालतं. पगार पहिल्या तारखेला एकदाच जमा होतो आणि मग महिनाभर नुसता खर्च, तसं. वर चढताना खात्यात उंची जमा झाली, आता तीच मोडून स्पीड घ्यायचा, स्पीड मोडून पुढचा चढ चढायचा, आणि प्रत्येक व्यवहारात हवा आणि चाकांचं घर्षण थोडं थोडं कापून घेणार. त्यामुळे बघा, चेनवाल्या कोस्टरमध्ये पहिली टेकडी सगळ्यात उंच असते आणि पुढच्या सगळ्या तिच्यापेक्षा बुटक्या, कारण पहिल्याएवढ्या उंचीवर परत जायला खात्यात काही उरलेलंच नसतं.

बरं, हा पगार केवढा असतो? नायट्रो साधारण 40 मीटर उंच आहे, म्हणजे तेरा मजली बिल्डिंगची गच्ची. समजा माणसं धरून ट्रेनचं वजन 10 टन आहे. एवढं वजन 40 मीटर वर न्यायला लागणारी एनर्जी काढली तर ती येते फक्त 1.1 युनिट. हो हो, तेच युनिट जे तुमच्या लाईटच्या बिलात असतं. मोटर, गिअर, चेन यांच्यात वाया जातं ते धरून दीड-दोन म्हणा. घरातला दीड टनी एसी तासभर चालवला तर जेवढं मीटर फिरेल जवळपास तेवढ्यात ट्रेनभर माणसांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी किंकाळी निघते. मला हा आकडा फार आवडतो, कारण बघणाऱ्याला वाटतं एवढ्या लोखंडाला पळवायला काय भयंकर ताकद लागत असेल, आणि लागतं काय तर थोडा वेळ आणि सावकाश ओढणारी एक मोटर.

आता ही उंची मोडली की स्पीड किती मिळतो? इथे वजनाचा काही संबंध नाही, दहा टन असो की वीस, 40 मीटर खाली आलात की कागदावर ताशी साधारण 100 किलोमीटर. (प्रत्यक्षात भरलेली ट्रेन रिकाम्या ट्रेनपेक्षा थोडी जास्तच पळते, कारण हवेचा अडथळा दोघींना सारखाच पण मागून रेटणारं वजन भरलेलीला जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) पण खरी मेख वेगळीच आहे, स्पीड उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे स्पीड दुप्पट हवा असेल तर उंची दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. 40 मीटरवर 100 मिळाले, तर 200 पाहिजे असतील तर 160 मीटर बांधा. आणि 160 मीटरचा स्टीलचा सांगाडा म्हणजे नुसते चौपट पैसे नाहीत, वारा वर जास्त जोरात लागतो, खांब रुंद, पाया खोल, जागा अवाढव्य. उंच कोस्टर जगात इतके कमी का आहेत त्याचं उत्तर या वर्गमुळात आहे.

अमेरिकेत ओहायोमध्ये सीडर पॉईंट पार्कात 2000 साली मिलेनियम फोर्स उघडला, 310 फूट, म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर 280 फूट, त्याच्यापेक्षाही वर. उतार 300 फुटांचा, जवळजवळ सरळ खाली, 80 अंशाचा. आता 300 फूट म्हणजे 91 मीटरचं गणित करा, कागदावर येतात ताशी 152 किलोमीटर. प्रत्यक्षात ट्रेन पळते ताशी 150 ने. म्हणजे एवढा उतार उतरताना हवा आणि घर्षणाने मिळून खाल्ले किती, तर फक्त दोनेक किलोमीटर! स्टीलच्या गुळगुळीत पाईपवरून पळणाऱ्या चाकांची कमाल ही आहे. एवढ्या उंचीला चेन फार जड पडते म्हणून तिथे लिफ्टला असते तशी स्टीलची केबल वापरलीय, ती ट्रेनला भराभर वर ओढते.

याच्याही वर जायचं तर लोकांनी पगाराची पद्धतच बदलली. आधी उंची आणि मग स्पीड असं न करता आधी स्पीड द्यायचा आणि त्यावर उंची चढायची. न्यू जर्सीतला किंगडा का, 2005 साली उघडला, 139 मीटर उंच, सी लिंकच्या टॉवरपेक्षाही उंच, आणि ट्रेन सपाट ट्रॅकवरून साडेतीन सेकंदात ताशी 206 किलोमीटरवर. इथे प्रॉब्लेम युनिटचा नाही, वेळेचा आहे. पुन्हा 10 टनच धरले तर साडेचार युनिटच्या आसपास एनर्जी लागते, म्हणजे तोच एसी तीनेक तास चालवल्यासारखं काहीतरी, पण ती साडेतीन सेकंदात द्यायची म्हटली की साडेचार हजार किलोवॅटच्या वर ताकद झाली, आणि एवढी ताकद पार्कच्या लाईटच्या कनेक्शनवरून झटक्यात खेचली तर आजूबाजूचं सगळं बसेल. म्हणून पंपाने हळूहळू तेल भरून टाक्यांमधला नायट्रोजन दाबून ठेवायचे, आणि वेळ आली की ते दाबलेलं सगळं एकदम मोकळं, त्यावर मोठा ड्रम फिरतो, ड्रमवरची केबल ट्रेनला भिरकावते. ऐकायला भारी वाटतं पण सांभाळायला महाकटकट. 2024 च्या शेवटी तो बंद केला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये स्फोट करून पाडला. आता नवीन कोस्टरमध्ये असल्या तेलाच्या भानगडीऐवजी ट्रॅकवर विजेचे मॅग्नेट बसवतात, ते ट्रेनला पुढे पुढे ढकलतात.

किंगडा कावर अधूनमधून एक प्रकार व्हायचा, वारा समोरून असेल, थंडी असेल, तर ट्रेन टोकापर्यंत पोचता पोचता दम सोडायची आणि आली त्याच वाटेने उलटी खाली यायची. बघणाऱ्यांना वाटायचं गेले हे लोक. पण ते डिझाईनमध्ये धरलेलंच होतं, ट्रेन सुटली की तिच्या मागे ट्रॅकमधून ब्रेकच्या पट्ट्या वर यायच्या आणि परत येणाऱ्या ट्रेनला आरामात थांबवायच्या. काही लोक तर असं व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसायचे, एका तिकिटात दोनदा मजा.

स्टील का, लाकूड का नाही, हा भाग पटकन उरकतो. 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसनने स्विचबॅक रेल्वे सुरू केली, लाकडी, ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, आपली लोकल प्लॅटफॉर्मवर शिरतानाही त्याहून जोरात असते. पुढे पंचाहत्तर वर्षं लाकडाचंच राज्य. 1959 मध्ये डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्नने पहिल्यांदा स्टीलच्या पोकळ पाईपचा ट्रॅक वापरला आणि खेळच बदलला, कारण पाईप फॅक्टरीत हवा तसा वाकवता येतो, पिळता येतो, साईटवर आणून बोल्टने जोडला की झालं. लाकडाची पट्टी पिळून गोल गोल फिरवायला गेलात तर ती मोडणारच.

आता लूप. इथे मला थोडं थांबायचंय कारण कोस्टरमधली सगळ्यात हुशार गोष्ट ही आहे आणि ती कुणाला दिसत नाही. पुढच्या वेळी लूपकडे बाजूने नीट बघा, तो गोल नसतो. खाली पसरट, वर चिंचोळा, पाण्याच्या थेंबाचा आकार असतो. का? कारण गोल करून बघितला होता. 1895 साली कोनी आयलंडलाच फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता, साधारण 25 फुटांचा अगदी गोल लूप, आणि त्यात बसणाऱ्यांच्या माना आखडायच्या. गणित सोपं आहे, गोल लूपच्या टोकावर ट्रेन जेमतेम ट्रॅकला चिकटून राहील एवढा स्पीड ठेवायचा असेल तर खाली शिरताना तुमच्या अंगावर 6 जी पडतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला आपण 360 किलोचे झालोय असं वाटणार. आणि त्याहून वाईट म्हणजे हे हळूहळू होत नाही, सपाट ट्रॅक संपला आणि गोल सुरू झाला त्या एका क्षणात 1 चे 6. मान एवढ्या पटकन तयारच होत नाही.

थेंबाच्या आकारात काय होतं, खाली स्पीड जास्त असतो तिथे वळण मोठं ठेवायचं, वर स्पीड कमी झालेला असतो तिथे वळण लहान. वळण हळूहळू आवळत न्यायचं, म्हणजे अंगावरचा दाबही हळूहळू वाढतो. जर्मन इंजिनियर वर्नर स्टेंगेल यांनी 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेव्होल्युशन नावाच्या कोस्टरला असा लूप दिला आणि तेव्हापासून आजपर्यंत सगळे तेच करतात. यातली आयडिया रेल्वेवाल्यांना आधीपासून माहीत होती बरं का. रेल्वेच्या रुळांना सरळ भागानंतर एकदम वळण नसतं, मधे एक तुकडा असतो ज्यात वळण शून्यापासून हळूहळू वाढत जातं, नाहीतर हार्बर लाईनवर सँडहर्स्ट रोड सोडून डॉकयार्ड रोडकडे वळताना दारातली अख्खी गर्दी एका झटक्यात एका बाजूला गेली असती. (आता पण जाते, पण ते गर्दीमुळे, रुळांमुळे नाही.) स्टेंगेल यांनी आणखी एक गोष्ट आणली, ट्रेन कलंडते तेव्हा ती रुळांभोवती न कलंडता बसलेल्या माणसाच्या छातीभोवती कलंडेल असा ट्रॅक पिळायचा. त्यामुळे डोकं इकडून तिकडे फेकलं जात नाही, छाती जवळजवळ जागेवर राहते आणि ट्रॅकच तुमच्याभोवती फिरतो. म्हणून चांगल्या स्टील कोस्टरवर पाच वेळा उलटं होऊन उतरलेला माणूस हसत उतरतो आणि जुन्या खडखडाटी राईडवरून नुसती दोन वळणं घेऊन आलेला मान चोळत बसतो.

आता लाईनीतला पहिला प्रश्न, पट्टा. लूपमध्ये उलटे असताना तुम्हाला सीटमध्ये काय धरून ठेवतं? बहुतेक वेळा पट्टा नाहीच! लूपच्या टोकावरही ट्रेनला एवढा स्पीड असतो की तुम्ही सीटवर दाबले जाता, खाली पडत नाही. पट्ट्याची खरी गरज लागते ती टेकडीवरून उडी मारताना, जिथे तुम्ही उलटे नसताच. ट्रेन टेकडीच्या माथ्यावरून खाली वळते, तुमचं शरीर मात्र सरळ पुढे जायला बघतं, बूड सीटवरून सुटतं, आणि पोटात ते सुप्रसिद्ध गोळा येतो. तो गोळा काय आहे, तर रोज आपल्याला खुर्ची खालून वर ढकलत असते आणि पोटातलं सगळं त्या ढकलण्यावर टेकून असतं, ते ढकलणं गेलं की आतलं सगळं क्षणभर तरंगतं आणि मेंदूला कळत नाही काय चाललंय. तिथे मांडीवरचा किंवा खांद्यावरचा तो बार तुम्हाला धरतो. बाहेरची ती उंचीची पट्टी त्यासाठीच आहे, बार कुठे बसणार हे शरीराच्या मापावर ठरतं. "अहो एक इंच तर कमी आहे, सोडा ना" असं ऑपरेटरशी भांडणारे पालक बघितले की खरंच संताप येतो.

दुसरा प्रश्न, चाक. चाक निसटलं तर असं म्हणताना आपल्या डोक्यात गाडीचं चाक असतं, रस्त्यावर नुसतं टेकलेलं. कोस्टरच्या प्रत्येक जागी चाकांचे तीन सेट असतात, एक पाईपच्या वर पळतं, एक बाजूने, आणि एक पाईपच्या खालून. म्हणजे पाईपला तीन बाजूंनी मिठी मारलेली असते, ट्रेनला वर उडायचं असेल तर स्टीलचा पाईप फाडूनच जावं लागेल. खालच्या चाकाची ही युक्ती जॉन मिलर नावाच्या अमेरिकन डिझायनरची, 1919 च्या पेटंटमधली, आणि तिच्याशिवाय टेकडीवरची ती उडी शक्यच नव्हती, त्याच्या आधीचे कोस्टर म्हणूनच हळू आणि मवाळ होते. चढताना जो खट-खट-खट आवाज येतो तोही त्याच्याच डोक्यातून आलाय, ट्रॅकच्या मधे करवतीसारखे दाते असतात, डब्याखालची लोखंडी जीभ एकेक दाता ओलांडत जाते, चेन तुटली तरी ट्रेन नुकत्याच ओलांडलेल्या दात्यावर अडकून जागच्या जागी थांबते. लोक त्या आवाजाने घाबरतात. खरं म्हणजे तो आवाज थांबला तर घाबरायला हवं, अर्थात काही नवीन कोस्टरवर आता आवाज न करणारी सिस्टिम आलीय, त्यामुळे शांतता झाली म्हणून लगेच देवाचं नाव घेऊ नका.

तिसरा प्रश्न, मध्येच बंद पडला तर. दर थोड्या दिवसांनी मोबाईलवर व्हिडिओ येतो, कुठल्या तरी देशात कोस्टर वर अडकला, माणसं जिन्याने खाली उतरवली, खाली कॉमेंटमध्ये "म्हणून मी बसत नाही". नीट बघा, ते जवळजवळ नेहमी पहिल्या चढावर अडकलेले असतात, लूपमध्ये नाही. कारण ट्रेन मुद्दाम थांबवायची तर तिथे चेन तरी पाहिजे किंवा ब्रेक तरी, आणि लूपमध्ये दोन्ही नसतं, म्हणजे तिथे सिस्टिमने ठरवलं तरी ट्रेन थांबवता येत नाही. चढावर थांबवता येते, म्हणूनच तिथे बाजूला जिना ठेवलेला असतो. काहीतरी शंका आली, सेन्सरने काही उलटसुलट सांगितलं, की कॉम्प्युटर चढावरच थांबवतो. ती सिस्टिम बिघडल्याची खूण नाही, काम करत असल्याची आहे.

आणि इथून सुरू होते इंजिनियरची खरी भीती.

मोठ्या कोस्टरवर एका वेळी दोन-तीन ट्रेन फिरत असतात, नाहीतर लाईन संपणारच नाही. इंजिन नसलेल्या, हँडब्रेक नसलेल्या, ड्रायव्हर नसलेल्या ट्रेन. त्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ट्रॅकचे भाग पाडलेले असतात आणि नियम एकच, एका भागात एकच ट्रेन. पुढचा भाग रिकामा झाल्याशिवाय मागची ट्रेन सोडायची नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी ट्रेन पूर्ण थांबवता येईल अशी जागा हवीच, त्यामुळे जेवढे भाग त्यापेक्षा निदान एक ट्रेन कमी. लोकलच्या सिग्नलमागेही मूळ विचार हाच आहे. कॉम्प्युटर हे सगळं सांभाळतो आणि फार इमानदारीने सांभाळतो.

पण 2 जून 2015 ला इंग्लंडमध्ये अल्टन टॉवर्स पार्कात स्मायलर नावाच्या कोस्टरवर काय झालं बघा. जोराचा वारा होता. एक रिकामी टेस्ट ट्रेन सोडली होती, ती पुढचा चढ चढू शकली नाही आणि दोन चढांच्या मधल्या खोलगट जागेत अडकून बसली. आठवतंय ना, रिकामी ट्रेन कमी पळते. मागून माणसं भरलेली ट्रेन आली, कॉम्प्युटरने तिला वेळेवर थांबवलं, बरोबर थांबवलं. पण कर्मचाऱ्यांना त्या दिवशी ट्रॅकवर किती ट्रेन आहेत याचाच गोंधळ होता, त्यांना वाटलं सिस्टिम उगाच अडतेय, त्यांनी सिस्टिमचा नकार बाजूला सारून ट्रेन सोडली. 16 माणसांची ट्रेन त्या रिकाम्या ट्रेनवर जाऊन आदळली, दोन तरुण मुलींना एकेक पाय गमवावा लागला, कंपनीला पुढे 50 लाख पौंडांचा दंड झाला. पट्टा टिकला होता, चाकं ट्रॅकवरच होती, लूप व्यवस्थित उभा होता. मशीन नाही म्हणत होती आणि माणूस हो म्हणाला, एवढंच. त्यामुळे राईड थोडा वेळ बंद ठेवली म्हणून ऑपरेटरवर ओरडणारा घोळका दिसला की मला त्या ऑपरेटरचीच बाजू घ्यावीशी वाटते, त्याच्यावर लाईन हलवायचा जेवढा दबाव कमी तेवढे तुम्ही सुखरूप.

थांबवण्याचं तंत्रही जाता जाता बघून घेऊ. शेवटच्या सरळ भागावर ट्रेन एकदम मऊपणे हळू होते, घासल्याचा आवाज नाही, काही नाही, ते मॅग्नेट असतात. एका बाजूला कायमचे मॅग्नेट, दुसऱ्या बाजूला तांब्याची किंवा तशाच धातूची पट्टी, पट्टी मॅग्नेटमधून पळाली की तिच्यात वीज फिरायला लागते आणि ती वीजच ट्रेनला मागे खेचते. लाईट गेली तरी चालतं कारण बाहेरून वीज लागतच नाही, पाऊस पडला तरी चालतं कारण काही घासतच नाही. एकच खोट, स्पीड कमी झाला की पकडही कमी होते, म्हणून नुसत्या मॅग्नेटने ट्रेन पूर्ण थांबत नाही, शेवटचं थांबवायला घासणारे ब्रेक लागतातच.

इंजिनियरची दुसरी भीती म्हणजे स्टीलच. ट्रेन गेली की खांब थोडा हलतो, हलायलाच हवा, न हलणारा खांब तडकतो. पण प्रत्येक वेळी ट्रेन गेली की स्टीलला एक ताण बसतो आणि सुटतो. समजा दर तीन मिनिटांनी एक ट्रेन, दिवसाचे आठ तास, म्हणजे दिवसाला 160, वर्षात तीनशे दिवस धरले तर 48 हजार, दहा वर्षांत पाच लाखांच्या जवळ. एका फेरीने काही होत नाही, पण इतक्या वेळा तेच तेच झालं की वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर सुरू होऊ शकते. स्टीलची एक चांगली सवय आहे, ताण एका मर्यादेच्या आत ठेवला तर ते असे फेरे जवळजवळ कितीही सहन करतं, ॲल्युमिनियम करत नाही. म्हणून डिझाईन करताना ताण त्या मर्यादेच्या खूप खाली ठेवतात, आणि तरीही वेल्डिंग अल्ट्रासाऊंडने तपासतात, हो, तोच प्रकार, पोटाचा करतात तसाच, फक्त लोखंडाचा.

2023 च्या जून अखेरीस अमेरिकेत कॅरोविंड्स पार्कातल्या फ्युरी 325 वर, 325 फूट उंच, एका खांबाला वरच्या बाजूला आरपार चीर गेलेली पार्कात आलेल्या एका माणसाला दिसली. त्याने व्हिडिओ काढला, त्यात ट्रेन जाताना खांब सरळ सरळ सुटलेला दिसतो. तरी ट्रॅक पडला नाही, कारण एका खांबाचं ओझं शेजारचे खांब काही काळ वाटून घेतील अशी तजवीज असते. खांब बदलून ऑगस्टमध्ये राईड पुन्हा सुरू झाली. तजवीज होती म्हणून वाचले हे खरं, पण रोजच्या तपासणीत ती चीर आधी दिसायला हवी होती हेही तेवढंच खरं.

आणि आता आपल्याकडची गोष्ट, जी अमेरिकन व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. ती जी ताणाची मर्यादा म्हटली ना, ती कोरड्या, स्वच्छ स्टीलसाठी. गंज लागला की ती मर्यादाच राहत नाही, मग छोटा ताणसुद्धा चीर वाढवत राहतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत बाल्कनीच्या ग्रिलचं चार वर्षांत काय होतं ते आपण बघतोच. गोराईचं एस्सेलवर्ल्ड, 1989 ला सुरू होऊन 2022 ला बंद झालेलं, जिथे आपली एक अख्खी पिढी बोटीने खाडी ओलांडून गेली, ते तर समुद्राच्या कुशीतच होतं. खोपोली समुद्रापासून लांब पण घाटाच्या पायथ्याशी, म्हणजे पाऊस धो धो. तेव्हा आपल्या भागात कोस्टरचा रंग ही सजावट नाही, तो मशीनचाच भाग आहे. पार्कात गेलात तर राईडपेक्षा आधी खांबांचे तळ आणि बोल्टच्या आजूबाजूचा रंग बघा, तिथून त्या पार्कच्या मेंटेनन्सबद्दल बरंच कळतं. आणि खरं सांगू, मला नायट्रोपेक्षा जत्रेतला तो रात्रीत उभा केलेला आकाशपाळणा जास्त भीतीदायक वाटतो, सारखा उघडायचा, ट्रकमध्ये टाकायचा, नव्या जमिनीवर नव्याने नट आवळायचे, पण तिथे मात्र आपण चण्याची पुडी घेऊन बिनधास्त बसतो.

जाता जाता कुठे बसायचं ते सांगतो. सगळ्यात पुढे की सगळ्यात मागे हा वाद दर ग्रुपमध्ये होतो आणि दोघंही बरोबर असतात. ट्रेन एकच आहे, त्यामुळे एका क्षणी सगळ्या डब्यांचा स्पीड सारखाच. पण पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागची अर्धी ट्रेन अजून चढावरच असते, ती त्याला सोडत नाही, म्हणून पुढचे लोक टोकावर लटकून खाली बघत राहतात. शेवटचा डबा माथ्यावर येतो तोपर्यंत पुढची ट्रेन उतारावर सुसाट सुटलेली असते आणि ती त्याला माथ्यावरून अक्षरशः हिसडून खाली ओढते. म्हणजे बघायचं असेल तर पुढे, उडायचं असेल तर मागे. चष्मा असेल तर दोरी लावा, मोबाईल बाहेर कुणाकडे तरी द्या, ताशी 100 ने हातातून सुटलेला फोन मागच्याच्या तोंडावर दगड म्हणून येतो. डोकं सीटला टेकवून ठेवा. मानेचं, पाठीचं किंवा हृदयाचं काही असेल किंवा पोटात बाळ असेल तर बाहेर लावलेला बोर्ड उगाच लावलेला नाही. आणि वेळ, सकाळी बेअरिंगमधलं ग्रीस गार असतं, चाकं गार असतात, ट्रेनही अर्धी रिकामी, दुपारी सगळं तापलेलं आणि ट्रेन भरलेली, तोच कोस्टर दुपारी थोडा जास्त पळतो. तेव्हा गेट उघडल्या उघडल्या लाईन छोटी असताना एकदा पुढे बसून घ्या, मग दुपारी मागच्या रांगेत, फक्त मिसळ नंतर खा.